बठ्ठासले लागू

आमच्या पीव्हीसी पाईपच्या कारखान्यात एसी एकच आहे आणि तो कॉम्प्युटरला आहे. शेठ पंख्याखाली बसतात, अकाउंटंट कूलरसमोर बसतात, मशीनवरची माणसं पत्र्याखाली घाम पुसत उभी असतात. मी मात्र वीस अंशांत बसतो, कारण कॉम्प्युटरला एकटं सोडता येत नाही. जळगावच्या एमआयडीसीत मे महिन्याच्या दुपारी ही जागा काय मोलाची, ते खान्देशी माणसाला सांगायला नको. त्यामुळे आमचे फोरमन जिभाऊ यांची ज्ञानलालसा एप्रिलपासून वाढीला लागते. जानेवारीत ते केबिनचं दार ढकलत नाहीत. मेमध्ये मात्र रोज दुपारी दोनला त्यांना सिम्युलेशन समजून घ्यायचं असतं.

"हाई काय शे, साहेब?" त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं. बोटाचा ठसा अजून तिथे आहे.

मी म्हटलं, "ग्लोबल डेफिनिशन्स."

जिभाऊ पारोळ्याकडचे. रागावले की अहिराणीत बोलतात, खुशीत आले की अहिराणीत बोलतात, आणि शेठसमोर शुद्ध मराठीत गप्प बसतात. त्यांना मी समजावलं ते असं : आपण कॉम्प्युटरात पाईप बनवतो, त्याला ऊन लावतो, दाब लावतो, आणि तो फुटतो का बघतो. खरा पाईप खर्ची पडत नाही. पण पाईप काढण्याआधी वर एका तक्त्यात सगळ्या गोष्टी ठरवून टाकायच्या. लांबी किती, जाडी किती, हवेचं तापमान किती. एकदा वर लिहिलं की खाली जिथे जिथे ते नाव येईल तिथे तिथे तीच किंमत. जाडी बदलायची तर एकाच जागी बदलायची, पाईपपासून एल्बोपर्यंत सगळं आपोआप बदलतं.

जिभाऊंनी क्षणभर एसीकडे तोंड करून विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे बठ्ठासले लागू."

सगळ्यांना लागू. कॉमसॉल नावाचं हे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी 1986 साली स्वीडनमध्ये सुरू झाली. तिच्या जाडजूड मदतग्रंथात या कल्पनेला बरीच पानं दिलेली आहेत. जिभाऊंनी काम दोन शब्दांत उरकलं.

हे सगळं सुरू झालं एका एल्बोमुळे, म्हणजे पाईप वळवणाऱ्या कोपऱ्यामुळे. गच्चीवर टाकलेल्या आमच्या पाईपलाइनचा एल्बो उन्हाळ्यात तडकतो, अशी पुण्याच्या एका गिऱ्हाइकाची तक्रार आली. नुसती आली असती तर शेठनी चार एल्बो बदलून दिले असते आणि चहा पाजला असता. पण गिऱ्हाइकानं 'सिम्युलेशन रिपोर्ट' मागितला. शेठना वाटलं हे कसलं तरी सरकारी सर्टिफिकेट असावं. त्यांनी विचारलं, "कुठल्या ऑफिसातून आणायचं?" मी म्हटलं, "माझ्याच." तेव्हापासून एसी आहे.

तर तक्ता. त्याला चार रकाने असतात : नाव, सूत्र, किंमत आणि वर्णन. पहिल्या रकान्यातच ठेच लागते. कॉलेजात आपण वीस वर्षांपूर्वी जे शिकलो त्या सवयीनं मी जाडीला टी म्हटलं आणि उंचीला एच म्हटलं. पण टी हे अक्षर सॉफ्टवेअरनं आधीच काळासाठी राखून ठेवलंय, आणि एच हे हिशोबासाठी पाईपवर आखलेल्या जाळीच्या एकेका घराच्या मापासाठी. आय आणि जे ही अक्षरं काल्पनिक संख्यांनी अडवली आहेत. एक्स, वाय, झेड दिशांनी. एसटीत खिडकीच्या जागांवर आधीच कुणाचे तरी रुमाल असतात तसा हा प्रकार. मग मी मराठीत नावं द्यायला लागलो. अक्षरं इंग्रजी, शब्द आपला : जाडी, उंची, लांबी, ऊन. 'ऊन' हे नाव मला स्वतःला फार आवडलं. त्याचं एकक अंश सेल्सिअस.

नावं देण्यात खान्देशी माणूस मुळात फार गुंतत नाही, असं माझं मत आहे. मी धुळ्याचा. आमच्या गावात जुन्या पेठेतल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. 1818 साली कॅप्टन ब्रिग्ज नावाचा इंग्रज अधिकारी खान्देशात आला आणि त्यानं धुळ्याची ही, तेव्हाची नवी, पेठ सरळ रस्त्यांत आखून घेतली. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. पाहुण्याला पत्ता सांगायला सोपं. याच भागात इंजिनीअर विश्वेश्वरय्यांनी नोकरीच्या सुरुवातीला काम केलं. 1884 साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, आणि सुरुवातीच्याच कामांत पांझरेच्या पात्राखालून पाण्याचा सायफन टाकण्याचं काम त्यांच्याकडे आलं. नदीत पाणी, डोक्यावर पावसाळा, वर साहेब. त्यांच्या तक्त्यात तापमानाचा रकाना असेल असं वाटत नाही. पूर हा रकाना मात्र नक्की असणार.

नंबरांची ही पद्धत माझ्या अंगात इतकी मुरलेली की पहिल्या फाइलमध्ये मी तक्त्यातल्या पॅरामीटरांना के1, के2, के3 अशी नावं दिली. वर्णनाचा रकाना रिकामा ठेवला, कारण मला माहीत होतं कुठला के कुठला. तीन महिन्यांनी फाइल उघडली तेव्हा के4 म्हणजे काय, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. तो काढला तर मॉडेल चालेना, ठेवला तर का ठेवला ते कळेना. प्रत्येक घरात एक दूरचा मामा असतो, लग्नपत्रिकेत ज्याचं नाव टाकावंच लागतं, तसा के4 अजून त्या फाइलमध्ये आहे.

आता तापमान.

कोऱ्या फाइलमध्ये तुम्ही काहीही न सांगता एक तापमान आधीच भरलेलं असतं : 293.15 केल्विन. म्हणजे 20 अंश सेल्सिअस. अमेरिकेतल्या अॅन्सिस या दुसऱ्या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमध्ये हेच 22 अंश असतं. दोघांत दोन अंशांचा मतभेद आहे, आणि दोघांपैकी कुणीही मे महिन्यात भुसावळला गाडीतून उतरलेलं नाही. आपल्याकडे आयएस 4985 या पीव्हीसी पाईपच्या भारतीय मानकात पाईपची दाब सोसायची ताकद 27 अंशांना धरतात. हे त्यातल्या त्यात घरचं. पण 27 अंश म्हणजे जळगावला मे महिन्यात पहाटे चारची वेळ, तीसुद्धा नशीब असेल तर. दुपारी पारा पंचेचाळिशी ओलांडतो. त्याच खान्देशात डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, तेव्हा आम्ही शेकोटीपुढे बसून भरीत खातो आणि पुण्याच्या थंडीला हसतो. पाच ते पंचेचाळीस. एवढ्या पल्ल्यात वीस अंश नेमके कधी असतात याचा मी बराच विचार केला. जळगावात वीस अंश बारमाही असण्याच्या जागा दोनच आहेत : एक, सॉफ्टवेअरच्या आत, आणि दोन, सॉफ्टवेअर ठेवलेल्या खोलीत.

म्हणून मी 'ऊन' या नावापुढे अभिमानानं 45 लिहिलं आणि एंटर दाबलं.

फक्त 45. एकक लिहायचं राहिलं.

कॉम्प्युटरनं हिशोब केला, आणि रंगीत चित्र आलं. सहा मीटरचा पाईप दहा सेंटिमीटरांनी आखडला होता. एल्बो ओढला जाऊन लालभडक झालेला. मी चष्मा पुसला. जिभाऊ मागे उभे होतेच, दोन वाजले होते.

"जयगावमा? मे महिनामा?" ते म्हणाले. "इतली थंडी?"

मी एकक सांगितलं नाही, म्हणून सॉफ्टवेअरनं 45 केल्विन धरले होते. म्हणजे शून्याखाली 228 अंश. या तापमानाला नायट्रोजन गोठतो, ऑक्सिजनही गोठतो. म्हणजे माझ्या हिशोबात त्या दुपारी जळगावची हवाच घट्ट होऊन एमआयडीसीच्या पत्र्यांवर तिचा थर साचला होता. मेहरूण तलावाचं काय झालं असेल ते विचारू नका. आणि या सगळ्यात सॉफ्टवेअरनं चकार शब्द काढला नाही. एवढ्या गोठलेल्या जगात एक पीव्हीसीचा पाईप तेवढा आपला दहा सेंटिमीटर आखडून निमूट पडला होता. त्याची मला दया आली. मी शेठना कळू न देता चित्र पुसलं.

जिभाऊंनी मात्र ती गोष्ट तीन शिफ्टमध्ये पोचवली. पुढे आठवडाभर चहा देणारा पोरगा केबिनमध्ये आला की विचारायचा, "साहेब, आज स्वेटर नाही घातला?"

एकक चुकलं तर हे सॉफ्टवेअर काय करतं, हेही सांगण्यासारखं आहे. जिथे तापमान हवं तिथे तुम्ही मीटर लिहिलेत तर त्या चौकटीतली अक्षरं केशरी होतात. बस. काम थांबत नाही. ते तुमचा आकडा घेतं, आपल्या मनानं एकक लावतं आणि पुढे जातं. मला हा स्वभाव फार ओळखीचा वाटतो. आपल्याकडे फाइलवर 'त्रुटी आढळून आली' असा शेरा मारून तीच फाइल मंजूर करतात, तसं. तिसरं एक सॉफ्टवेअर आहे, अॅबॅकस. त्याला एकक ही भानगडच नाही. तुम्ही मिलिमीटरमध्ये बोला, टनांत बोला, ते फक्त आकडे घेतं आणि आकडे देतं. लोखंडाची घनता त्यात टन आणि मिलिमीटरमध्ये लिहायची तर दशांश चिन्हानंतर आठ शून्यं द्यावी लागतात. एक शून्य कमी पडलं की यंत्र दहापट जड. जबाबदारी सगळी गिऱ्हाइकाची. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

पण सॉफ्टवेअरला तरी काय बोलायचं? आमच्या धंद्यातली एककं बघा. शेतकरी दुकानात येतो आणि 'दोन इंची चार केजी' मागतो. नवशिक्या इंजिनीअरनं तो पाईप व्हर्नियरनं मोजून पाहावा. बाहेरून मोजला तर 63 मिलिमीटर भरतो. आतून मोजला तर साठच्या आसपास. दोन इंच म्हणजे 50.8 मिलिमीटर, आणि तेवढं त्या पाईपमध्ये कुठेही नाही. उभा धरा, आडवा धरा. आता 'चार केजी'. मी नवीन असताना हे वजन आहे असं समजून पाईप काट्यावर ठेवला होता. सहा मीटरचा, दीड मिलिमीटर जाडीचा तो नग अडीच किलोच्या आत भरला, आणि मी तडक शेठकडे जाऊन सांगितलं की आपण गिऱ्हाइकाला दीड किलो कमी देतोय. शेठ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. चार केजी म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चार किलो दाब, चाळीस मीटर उंच पाण्याचा स्तंभ जेवढा दाब देईल तेवढा. हे सगळं शेतकरी 'चार केजी'त सांगतो आणि त्याचं कधीही चुकत नाही. इंच नसलेले इंच आणि किलो नसलेले किलो घेऊन तो जातो, आणि त्याच्या केळीला पाणी बरोबर पोचतं.

एककांचा हाच घोळ घरातही. माझी सासुरवाडी जळगावची. सोन्याचं गाव. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला सासूबाईंनी त्यांच्या सासूची पोत दाखवली आणि सांगितलं, "तीन तोळ्यांची आहे." मी, नुकताच नोकरीला लागलेला, म्हणालो, "म्हणजे तीस ग्रॅम." सासूबाईंनी पोत लगेच डबीत ठेवली. जावई कसा निघाला ते त्यांना त्या क्षणी कळलं असावं. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. बाजारात आता तोळा म्हटलं की दहा ग्रॅम. 1958 साली देशात मेट्रिक वजनं आली, शेर-मण गेले, पण तोळा हे नाव गेलं नाही. किंमत बदलली आणि नाव तेच राहिलं. सासूबाईंच्या सासूचे तीन तोळे म्हणजे आजचे साडेतीन. ही अर्ध्या तोळ्याची गोष्ट मला माझ्या बायकोनं रात्री हळू आवाजात समजावली. तक्त्यात एखाद्या नावाची किंमत वरून बदलली आणि खालच्या माणसाला कळवलं नाही तर काय होतं, हे मला सॉफ्टवेअर हाती येण्याच्या पुष्कळ आधी, त्या डबीच्या 'टक्' आवाजात कळलं होतं. त्याच मुक्कामात त्यांनी 'जावईबापूंसाठी कमी तिखट' अशी शेवभाजी केली होती. त्यातल्या 'कमी' या शब्दाची व्याख्या मी आजवर कुणाला विचारलेली नाही.

कापसाचंही तसंच. जिनिंगवाले खंडीचा भाव बोलतात. कापसाची खंडी म्हणजे साधारण 356 किलो, आणि धान्याची खंडी म्हणजे वीस मण. दोन्ही खंड्याच. दोघांनी एकमेकांच्या बाजारात जाऊ नये, एवढंच.

आता माझ्या दुसऱ्या फजितीकडे येतो. पहिलीत थोडीतरी शोभा होती. दुसरीत नाही.

नव्या फाइलमध्ये 45 पुढे एकक लिहून मी चूक सुधारली. चित्र आलं. पाईप जेमतेम हललेला. मी ऊन 50 केलं. तेच चित्र. 60 केलं. तेच. रागानं 200 केलं. दोनशे अंशांना पीव्हीसीचं पिठलं व्हायला हवं, तर हा पाईप पहाटेच्या दवात पडल्यासारखा शांत. तीन दिवस मी जाळी बारीक केली, सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं, एसी बंद करून चालू केला. चौथ्या दिवशी सापडलं. ही फाइल दुसऱ्या एका इंजिनीअरच्या फाइलवरून उचललेली होती, आणि माझ्यासारखंच त्यानंही आत, पाईपच्या स्वतःच्या तक्त्यात, 'ऊन' नावाची एक स्थानिक व्याख्या करून ठेवली होती. किंमत : 20 अंश. बाहेर आणि आत एकाच नावाच्या दोन व्याख्या असल्या तर आतली चालते. मी तीन दिवस वरच्या तक्त्यात जग तापवत होतो, आणि आत पाईपच्या उशाशी कुणीतरी कूलर लावून ठेवलेला.

जिभाऊंना हे समजावायला मला फार तर एक मिनिट लागलं.

"त्यामा नवीन काय शे?" ते म्हणाले. "वरथून काहीबी येऊ द्या, तलाठी सांगस तेच खरं."

मंत्रालयातला जीआर ग्लोबल, तलाठी स्थानिक. मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलं आहे. आणि खान्देशच्या बाबतीत ते अगदी जुन्या काळापासून खरं आहे. 1906 हे साल बघा. त्या वर्षी सरकारनं इथे वरच्या तक्त्यात दोन मोठे बदल केले. पहिला, 1 जानेवारीला सगळ्या देशाला एकच प्रमाणवेळ लागू झाली. मुंबई शहरानं ती मानली नाही. 39 मिनिटं मागे चालणारी आपली जुनी वेळ मुंबईनं 1955 पर्यंत धरून ठेवली. म्हणजे मधली सगळी वर्षं रेल्वेचं घड्याळ एक सांगायचं आणि शहराचं दुसरं, आणि गाडी चुकलेला प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या वेळेनुसार वेळेवरच आलेला असायचा. दुसरा बदल, त्याच वर्षी खान्देश जिल्हा तोडून त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. महाराष्ट्र झाल्यावर पूर्व खान्देशचं जळगाव झालं, पश्चिम खान्देशचं धुळे झालं, आणि 1998 साली धुळ्यातून नंदुरबार निघालं. कागदावरून खान्देश हे नाव पुसून आता बरीच वर्षं झाली. पण हॉटेलच्या पाटीवर खान्देशी शेवभाजी आहे, वऱ्हाडाच्या बसवर खान्देश आहे, पुण्यातल्या मंडळांच्या नावात खान्देश आहे. धुळ्याचा माणूस आणि जळगावचा माणूस एकमेकांत भांडतात ते कुणाची भाकरी चांगली यावर. मुंबईत भेटले की दोघेही खान्देशी. वरच्या तक्त्यातून काढलेलं नाव खाली सगळीकडे वापरात असलं तर सॉफ्टवेअर हिशोब करायला नकार देतं. इथे मात्र सगळं व्यवस्थित चालू आहे.

शेवटी रिपोर्ट. शेठनी त्यांचाही एक पॅरामीटर टाकायला लावला. पाईपची जाडी दहा टक्के कमी केली तर चालेल का, एवढंच त्यांना बघायचं होतं, 'नुसतं बघायचं.' मी वर एक ओळ लिहिली, शेठ_गुणक, किंमत 0.9, आणि जाडी जिथे जिथे होती तिथे तिथे गुणली. एल्बोनं मान टाकली. मी चित्र शेठना दाखवलं. ते म्हणाले, "लाल रंग कमी करता येईल का?" मी म्हटलं, येईल, रंगांची पट्टी बदलता येते, पण एल्बो त्याच पट्टीवर तडकेल. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि गुणक 1 करायला सांगितलं. शेठ वाईट नाहीत.

मग खरा हिशोब. गच्चीवर दोन भिंतींच्या मध्ये पाईप घट्ट बसवला, सकाळी, पंचवीस अंशांना. दुपारी हवा 45 असली तरी उन्हात पडलेल्या पाईपची पाठ त्याहून कितीतरी तापते. आमच्या आवारातल्या पाईपवर मी तापमापक धरला तेव्हा तो पासष्टच्या पुढे गेला. म्हणजे चाळीस अंशांचा फरक. पीव्हीसी दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे लाखात सात भागांनी वाढतं. सहा मीटरला चाळीस अंश : 16.8 मिलिमीटर. ते जाणार कुठे? दोन्ही टोकांना भिंत. म्हणून ते एल्बोवर जातं आणि एल्बो तडकतो. दोन आठवडे, तीन फाइली, एक गोठलेलं जळगाव, आणि उत्तर : जवळपास सतरा मिलिमीटर जागा सोडा.

मी हे जिभाऊंना मोठ्या थाटात सांगितलं. ते एसीखाली बसून डबा खात होते.

"ते तर आम्ही सांगतोच फिटरला," ते म्हणाले, भाकरी मोडत. "अंगठ्याएवढी जागा सोड म्हणून."

मी कपाटातून व्हर्नियर काढला. जिभाऊंनी हात धुतला, पुसला, आणि अंगठा पुढे केला. 21 मिलिमीटर.

रिपोर्ट पुण्याला गेला. गिऱ्हाइकानं एकच प्रश्न विचारला, तापमान पासष्ट का धरलं. शेठनी त्याला फोनवर सांगितलं की मे महिन्यात या, जेवायला घालतो, दुपारी गच्चीवर उभं करतो. तो आलेला नाही, पण पैसे आले.

ही फाइल उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल. त्याच्यासाठी लिहून ठेवतो. वरच्या तक्त्यात शेवटून दुसरी ओळ 'अंगठा' अशी आहे, किंमत 21 मिलिमीटर, एकक लिहिलेलं आहे. ती बठ्ठासले लागू आहे, आतमध्ये तिची दुसरी व्याख्या करू नका. आकडा बदलायचाच असेल तर दुपारी दोननंतर बदला. जिभाऊ केबिनमध्येच असतात, आणि व्हर्नियर कपाटाच्या वरच्या खणात आहे.